कोचच्या ओट्याची बातमी

दोह्यात हिवाळा येतो तो आवाज बंद होऊन. एप्रिलपासून अखंड घरघरणारा एसी नोव्हेंबर सरताना एका सकाळी आम्ही बंद करतो, आणि घर एकदम मोठं वाटायला लागतं. स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक दिवाणखान्यापर्यंत येते. खिडक्या उघडल्या की रात्री पाणी मारलेल्या गवताचा वास आत शिरतो. कंपाउंडच्या हिरवळीवर डोक्यावर तुरा असलेला हुदहुद उतरतो, दोन पावलं चालतो, मातीत चोच खुपसतो, आणि जणू काही आठवलं म्हणून थांबतो. अल गराफाच्या या भागात सगळी घरं एका रंगाची आहेत. उन्हाळ्यात ती डोळ्यांना खुपतात. हिवाळ्यातल्या उन्हात तीच घरं दुधात भिजवलेल्या बिस्किटासारखी मऊ दिसतात.

इथल्या माणसांना या दिवसांत वाळवंटातल्या सहलीचे तंबू आठवतात, समुद्रकाठच्या शेगडीतले कोळसे आठवतात. मला अफवा आठवतात. तीन वर्षांपूर्वीचा एक हिवाळा आम्ही, म्हणजे मी, माझा मित्र पाटणकर आणि शेजारचा डेव्ह, अमेरिकेतल्या एका कॉलेजचा फुटबॉल कोच कोण होणार या एकाच प्रश्नावर काढला. त्या गावी मी आजवर गेलेलो नाही.

आधी खेळ सांगतो. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो हातात चेंडू धरून पळण्याचा खेळ आहे. आपल्याकडे कॉलेजच्या सामन्याला खेळाडूंचे मित्र आणि दोन चहावाले येतात. तिकडे अख्खं गाव येतं, आजूबाजूची गावं येतात, आणि स्टेडियम गावाच्या लोकसंख्येपेक्षा मोठं असतं. संघ हरत राहिला की नोव्हेंबरअखेर मुख्य कोचला काढतात. मग नवा कोच जाहीर होईपर्यंत जे दिवस जातात, त्यांत कुणाला काहीच माहीत नसतं आणि सगळे सतत बोलत असतात. निवडणुकीचा निकाल लागायच्या आदल्या आठवड्यात आपल्या गावातल्या कट्ट्यांवर जे चालतं, तेच, पण इंटरनेटवर.

डेव्ह त्या कॉलेजचा जुना विद्यार्थी. इथल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत गणित शिकवतो. वीस-बावीस वर्षं कतारमध्ये आहे. यल्ला, खलास, इन्शाल्ला हे अरबी शब्द त्याच्या तोंडात बसले आहेत, आणि मेधाने, माझ्या बायकोने, त्याला 'पुरे' हा शब्द शिकवला आहे. तो त्याने अजून कधी वापरलेला नाही. माझी मुलगी इरा त्याच्याकडे गणित शिकली. बारावीनंतर कुठे जायचं असा घोळ चालला होता तेव्हा डेव्ह म्हणाला, "माझ्या कॉलेजला पाठवा. तिकडे संख्याशास्त्र चांगलं आहे आणि हवा इतकी वाईट आहे की मुलं अभ्यासच करतात." ती गेली. शिकता शिकता फुटबॉल संघासाठी आकडे काढू लागली, कोणता खेळाडू कुठे पळतो, कोणती चाल किती वेळा फसते, आणि पदवीनंतर तिथेच नोकरीला लागली. नाशिकच्या मोघ्यांची मुलगी, कतारमध्ये वाढलेली, अमेरिकन धटिंगणांच्या धावण्याचा हिशोब ठेवते, हे माझ्या आईला फोनवर समजावून सांगताना मी दरवेळी निम्म्यावर सोडून देतो.

त्या वर्षी कोचला काढलं आणि आमच्या घरातली हवा बदलली. कारण तिकडचा रिवाज असा की नवा मुख्य कोच आपली माणसं घेऊन येतो. जुन्या कोचने नेमलेले सगळे, अगदी आकडे काढणारी मुलगीसुद्धा, पेट्या भरतात. आणि इराचा तिथे राहण्याचा परवाना त्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की परवाना जातो, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. मी स्वतः तसाच राहतो.

उमेदवार तीन होते. त्यांची खरी नावं मला आज आठवतात, पण आम्ही ती कधी वापरलीच नाहीत. पाटणकरने पहिल्याच शुक्रवारी बारसं उरकून टाकलं. जुन्या कोचचा सहायक होता तो 'घरचा'. एकेकाळी मोठा कोच असलेला आणि आता टीव्हीवर बोलणारा तो 'टीव्हीवाला'. आणि डोंगराळ भागातल्या एका लहान कॉलेजला दोन वर्षं जिंकवून देणारा तरुण, तो 'डोंगरवाला'. घरचा आला तर इरा राहणार. बाकी कुणीही आला तर ती जाणार. एवढं साधं होतं ते.

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुटीच्या दिवशी, सकाळी डेव्हच्या व्हरांड्यात आम्ही बसायचो. पोहे आमच्याकडून, कॉफी त्याची. आमची सकाळ म्हणजे तिकडची रात्र, आणि अफवा रात्रीच पिकतात. त्यामुळे आम्ही जमायचो तेव्हा चाहत्यांच्या चर्चेच्या पानावर ताजा माल पडलेला असायचा. डेव्ह मोठ्याने वाचायचा.

"हे ऐका. 'माझ्या मेव्हण्याचा मित्र कॉलेजसमोरच्या हॉटेलात काम करतो. टीव्हीवाला काल तिथे नाश्त्याला होता.'"

"बघ!" पाटणकर मांडीवर थाप मारून म्हणाला. पाटणकर मूळचा पुण्याचा, दोह्याच्या मुशैरिब भागात एका बँकेच्या कार्यालयात असतो आणि मोठ्या नावांवर त्याचा जीव. "मी म्हणत होतो. नाव लागतं रे. नावाशिवाय चांगली खेळणारी पोरं येत नाहीत."

"त्याला शेवटचा सामना जिंकून किती वर्षं झाली?" मी विचारलं.

"तू बोलू नकोस, मोघे. तुझं मत म्हणजे मुलीच्या बापाचं मत. बाद."

"मी आकडा विचारतोय."

"आकडा बापाचाच."

डेव्हची पंचाईत वेगळी होती. त्याला मनापासून डोंगरवाला हवा होता. चार हंगाम हरताना बघून तो थकला होता. पण इरा त्याची विद्यार्थिनी. तो डोंगरवाल्याची स्तुती करायला लागायचा, माझ्याकडे बघायचा आणि आवाज खाली आणायचा. "पण घरचाही... चांगला माणूस आहे," तो म्हणायचा, स्थळ नाकारताना आपण म्हणतो तसं.

पाटणकरने विमानांचा नाद लावून घेतला होता. तिकडचे चाहते कोचशी बोलणी करायला उडणाऱ्या, कॉलेजच्या देणगीदारांच्या खासगी विमानांवर नजर ठेवतात. विमान कुठे उतरलं यावरून कोच कोण ते ओळखतात. पाटणकर ऑफिसात दुसऱ्या पडद्यावर ते बघायचा. एकदा त्याने भर कामाच्या वेळी फोन केला. "उडालं! डोंगराकडे चाललंय!" मी मीटिंगमधून बाहेर आलो होतो. काचेपलीकडे वाळवंट पसरलं होतं, आणि मी कुठल्याशा परक्या आकाशातल्या, न पाहिलेल्या विमानाच्या मागे मनाने उडत होतो. एका छोट्या पांढऱ्या ठिपक्यात माझी मुलगी कुठे राहणार ते बसलं होतं. पुढे कळलं की विमान कुणा नातेवाइकाच्या लग्नाला गेलं होतं.

मी वायूच्या मोजमापात आहे. जहाजात किती वायू भरला हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही मान्य होईल असं मोजायचं, हे माझं काम. तिथला पहिला नियम असा की एका मीटरवर विश्वास ठेवायचा नाही, आणि दुसरा मीटर पहिल्याच्या मेहेरबानीवर चालणारा नसावा. त्याच सवयीने मी मनात टक्केवारी धरली होती. घरचा चाळीस, डोंगरवाला पस्तीस, टीव्हीवाला पंचवीस. रोज सकाळी दाढी करताना हे आकडे थोडे हलायचे.

मेधा या सगळ्यात भाग घेत नव्हती. एका सकाळी ती धुतलेले कपडे वाळत घालत होती. हिवाळ्यात आम्ही कपडे बाहेर वाळवतो. उन्हाळ्यात ते लगेच वाळतात, पण धुळीने भरतात. चादरीच्या पलीकडून तिचा आवाज आला. "तुम्ही तिघं रोज म्हणता हा येईल की तो येईल. माझी मुलगी येईल का, ते कुणी बोलतच नाही."

"म्हणजे तुला ती यायला हवी आहे?"

"तसं म्हटलं का मी?" ती चादर झटकत म्हणाली. चादरीत वारा भरला, ती जहाजाच्या शिडासारखी फुगली, आणि मला तिचा चेहरा दिसला नाही.

इराशी रोज बोलणं व्हायचं. आम्ही मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, हे लहानपणापासूनचं. कोचचा विषय काढला की म्हणायची, "बाबा, आय कान्ट टॉक अबाउट दॅट." मग आम्ही जेवणावर यायचो. अशाच एका जेवणाच्या बोलण्यात तिने सांगितलं की हल्ली रात्रीचं जेवण ऑफिसातच होतं, घरचाही त्यांच्यातच जेवतो. (तिने अर्थात कोच म्हटलं.) त्याच्या घरी स्वयंपाकघर उकरून ठेवलंय, नवा ओटा बसतोय, गॅस बंद आहे.

फोन ठेवल्यावर मेधा म्हणाली, "चला. म्हणजे तो कुठे जात नाही."

"कशावरून?"

"जाणारा माणूस ओटा बदलतो का?"

हे वाक्य मला इतकं पटलं की मी ते शुक्रवारी व्हरांड्यात जसंच्या तसं मांडलं. पाटणकरने मान डोलावली. डेव्ह कॉफीचा मग हातात धरून हळूच म्हणाला, "वाव." आम्हा तिघांनाही ते इतकं का पटलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे.

त्यानंतरच्या दिवसांत थंडी छान पडली. पहाटे धुकं यायचं. समोरची घरं विरघळून जायची आणि फक्त वरच्या पाण्याच्या टाक्या तरंगत राहायच्या. ऑफिसला जाताना रस्त्याकडेचे खजूर एकेक करून धुक्यातून पुढे यायचे आणि परत मागे जायचे. आम्ही दोघं एका शनिवारी उत्तरेला खारफुटी बघायला गेलो. उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते, एका पायावर, बिनघोर. कुठून तरी हजारो किलोमीटर उडून आलेले, थंडी संपली की जाणार. मेधा बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. पाणी आणि आकाश एकाच रंगाचं झालं होतं, आणि त्या गुलाबी ठिपक्यांवरूनच कळत होतं की पाणी कुठे संपतं. परतताना आम्ही कडक चहा घेतला, गाडीतच, काचा खाली करून. तेव्हा पाटणकरचा फोन आला.

"मोघे, पक्कं झालं! चर्चेच्या पानावर आलंय. घरातल्या अगदी जवळच्या माणसाकडून. घरचा स्वयंपाकघर नवं करतोय. राहणार म्हणजे राहणार. दुसऱ्या एकानेही तेच लिहिलंय. पॉडकास्टवरही बोलले!"

मी तिथल्या तिथे घरच्याला चाळीसवरून पासष्टवर नेलं. तीन ठिकाणांहून तीच बातमी. मी मेधाला सांगितलं तेव्हा माझा आवाज चढला होता. तिने चहाचा घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागली. हसता हसता चहा सांडला.

"अहो, ते तर मी म्हटलं होतं!"

डेव्हने शुक्रवारी दुपारी ते पानावर टाकलं होतं. नाव न देता, मोठ्या जबाबदारीने, 'माझ्या विश्वासातल्या व्यक्तीकडून' म्हणून. तिकडे कुणी ते उचललं, कुणी त्याला मीठमसाला लावला, कुणी बोलून दाखवलं, आणि मेधाचं फोन ठेवल्यावरचं वाक्य अर्धी पृथ्वी फिरून, ओळखू न येणाऱ्या कपड्यांत, गाडीच्या खिडकीतून परत आत आलं होतं. आयुष्यभर दोन मीटर स्वतंत्र ठेवणाऱ्या माणसाने स्वतःच्याच घरचा एक मीटर तीनदा मोजला होता. मी हसलो, आणि मग इराचं नाव कुठे आलं नाही ना हे बघायला पान उघडलं. आलं नव्हतं. तिथे खाली एकाने लिहिलं होतं, 'लोक घर विकायच्या आधी स्वयंपाकघर नवं करतात.' त्याच्यावर बाकीचे तुटून पडले होते. मीही त्याला शून्य गुण दिले.

कोच जाहीर झाला तो तिघांपैकी नव्हता. व्यावसायिक संघातून आलेला, कुणाच्या मेव्हण्याच्या मित्राने कुठल्याही हॉटेलात न पाहिलेला माणूस. व्हरांड्यात आम्ही ते वाचलं आणि डेव्हने फोन टेबलावर पालथा घातला. "खलास," तो म्हणाला. पाटणकर एरवी अशा वेळी टोमणा मारल्याशिवाय राहत नाही. त्याने माझ्या ताटलीत आणखी पोहे वाढले, आणि मी ते खाल्ले.

इराचा फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, तिच्याकडची सकाळ. मगरिबची बांग नुकतीच संपली होती आणि घरात दिवे लावायचे राहिले होते. मेधा स्पीकरजवळ वाकून उभी होती. मी मनात सगळी तयारी केली होती. तिकीट, तिची खोली, इथल्या ओळखी, बायोडेटा कुणाला पाठवायचा.

इरा म्हणाली, नव्या कोचने सगळ्यांना एकेकट्याने बोलावलं होतं. तिचे आकडे त्याला आवडले. त्याने तिला राहायला सांगितलं.

मेधाने डोळे मिटले. मला वाटतं त्या क्षणी तिला आनंदही झाला आणि आणखी काहीतरी झालं, जे तिने आजवर सांगितलेलं नाही.

"आय सेड नो," इरा म्हणाली.

घरच्याने, तिच्या कोचने, केव्हाच दुसरीकडे हो म्हटलं होतं. उत्तरेकडचं एक लहान कॉलेज, ज्याचं नाव डेव्हलाही दोनदा विचारावं लागलं. तिथे तो मुख्य कोच होणार होता. घर विकायला काढलं होतं. स्वयंपाकघर त्यासाठीच नवं केलं होतं. त्याने इराला बरोबर येशील का विचारलं होतं, आणि परवान्याची व्यवस्था ते कॉलेज करणार होतं. पगार कमी. गाव लहान. "ही आस्क्ड मी फर्स्ट, बाबा," ती म्हणाली. "आणि तिथे मला सगळं पहिल्यापासून उभं करता येईल."

शेवटचं वाक्य तिने मराठीत म्हटलं. माझ्या डोक्यात तीन माणसं होती, त्यांची टक्केवारी होती, विमानं होती, ओटा होता. मुलगी स्वतः काही ठरवेल यासाठी मी जागाच ठेवली नव्हती. शंभर टक्के तिघांत वाटून टाकले होते.

"बाबा, रागावलास?"

"नाही," मी म्हणालो. "तिकडे थंडी किती असते?"

"उणे वीस. कधी पंचवीस."

"जाड कोट आहे का?" मेधाने विचारलं, आणि मग त्या दोघी कोटाबद्दल बोलत राहिल्या. मी दिवे लावले.

डेव्हला सांगायला गेलो तेव्हा त्याने आधी दोन मग कॉफी ओतली. पिढ्यानपिढ्या एकाच कॉलेजचे चाहते असणारं त्याचं घराणं. मग त्याने विचारलं, "त्यांचा रंग कोणता आहे?" मी म्हटलं, "हिरवा." तो म्हणाला, "हिरवा मला वाईट दिसत नाही."

ओट्याचा मी अजून विचार करतो. अमेरिकेत ज्याने कधी एकदा घर विकलं असेल त्याला जे सहज कळलं असतं ते आम्हाला कळलं नाही, कारण आम्ही तिघं कंपनीच्या घरात किंवा भाड्याच्या घरात राहतो. डेव्हसुद्धा. इतकी वर्षं झाली, आमच्या स्वयंपाकघरातल्या तपकिरी फरशा मेधाला पहिल्या दिवसापासून आवडत नाहीत, आणि आम्ही त्यांना हात लावला नाही. पुढच्या वर्षी करार वाढेल की नाही, परवाना होईल की नाही. आमच्यासाठी ओटा बदलणं म्हणजे कायमचं राहणं. त्याहून मोठी खूण आम्हाला सुचलीच नसती. आणि तिकडे एक माणूस नवा, गुळगुळीत, चकचकीत ओटा बसवून, त्यावर एकदाही पोळी न लाटता, निघून गेला. माझी मुलगी त्याच्यासारखी झाली की आमच्यासारखी, हे मी ठरवू शकत नाही. तिला जाण्याची भीती वाटत नाही एवढं खरं. ते ती बहुधा आमच्याकडे बघूनच शिकली, पण आमच्या उलट बाजूने.

यंदा हिरव्या रंगाचं ते लहान कॉलेज जिंकतंय. मोठमोठ्या ठिकाणी कोचना काढलंय, आणि परवा सकाळी पाटणकरचा फोन आला. "मोघे, तीन पानांवर नाव आहे आपल्या घरच्याचं. दोन मोठी कॉलेजं मागे लागलीत. इराला विचार ना, कुठे चाललेत?" डेव्हनेही विचारलं, कुंपणावरून, सहज म्हणून. मी दोघांनाही सांगितलं, विचारतो.

संध्याकाळी ती फोनवर होती. खिडकीबाहेर तिच्याकडे बर्फ पडत होतं. तिने फोन तिकडे वळवला. मोठे, संथ कण, उतरतायत की वर चाललेत ते कळेना. आमच्या खिडकीतून आत येणारा वारा गार होता, त्याला कुणाच्या तरी अंगणातल्या उदाचा वास होता. मेधा भाजणीसाठी डाळी भाजत होती, आणि तो वास त्यात मिसळत होता. प्रश्न माझ्या अगदी जिभेवर होता.

"बाबा, यू आर नॉट आस्किंग," इरा म्हणाली.

"काय?"

"कोच कुठे जाणार. मी कुठे जाणार."

"तुला माहीत आहे?"

"नाही." तिने फोन परत स्वतःकडे वळवला. "जाईनच असंही नाही."

"बरं," मी म्हणालो. "आई भाजणी करतेय. ती कुठल्या पत्त्यावर पाठवायची, तेवढं वेळेत कळव."